उचलता येतो म्हणून

पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलं आणि शिरढोण मागे पडलं, की कर्नाळ्याची झाडी सुरू होते. दोन्ही बाजूंना जंगल, मधून वळणाचा रस्ता आणि वर तो अंगठ्यासारखा सुळका. १९६८ मध्ये इथे पक्षी अभयारण्य झालं, २००३ मध्ये त्याची हद्द वाढवून बारा चौरस किलोमीटरच्या थोडी वर नेली. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबईची, नव्या मुंबईची माणसं पक्षी बघायला येतात आणि बहुतेक वेळा पाऊस बघून, भजी खाऊन परत जातात. काही माणसं कुत्रं सोडून जातात.

हे मी चिडून लिहीत नाही. चिडायचं वय गेलं. पाळलेला प्राणी असा वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला त्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. आजच्या भावात फार तर दोन-तीन वडापाव. त्यामुळे कायद्याच्या नावाने बोंब मारण्यात मी वेळ घालवत नाही. खिंडीच्या पुढे, तारा गावाच्या दिशेला, रस्ता सोडून आत एका भाड्याच्या जागेवर आमचं छोटं शेल्टर आहे. तिथे माझ्याकडे येतात ती चावरी कुत्री. माणसाच्या अंगावर जाणाऱ्या कुत्र्याला पुन्हा माणसांत राहता येईल का, हे बघायचं. येणार नसेल तर तसं तोंडावर सांगायचं. यातलं दुसरं काम अवघड.

लोकांना वाटतं माझ्याकडे रॉटवायलर आणि जर्मन शेफर्ड रांगेत बांधलेले असतील. तसं नाही. मोठ्या कुत्र्याचा राग लवकर कळतो, कारण पस्तीस किलोचं जनावर एकदा गुरगुरलं की घरातली माणसं दुसऱ्यांदा ते होण्याची वाट बघत नाहीत. ट्रेनरला फोन जातो, डॉक्टरला जातो, नाही तर आम्हाला. पाच किलोचं कुत्रं गुरगुरलं तर मात्र घरात हशा पिकतो. ‘बघा, बघा, राग आला साहेबांना!’ मोबाइल निघतो, रील होते, आणि त्याला अजून एकदा चिडवलं जातं, कारण पहिल्या वेळी नीट शूट झालं नव्हतं. डफी, शू आणि सर्पेल या संशोधकांनी २००८ मध्ये कुत्र्यांच्या जाती आणि आक्रमकता यांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात परक्यांवर आणि मालकांवरही धावून जाण्यात डॅक्सहुंड आणि चिवावा ही बारकी मंडळी पुढे निघाली. तो अभ्यास मालकांनी दिलेल्या उत्तरांवर बेतलेला आहे, हे लक्षात ठेवायला हवं. पण माझ्या डोळ्यांसमोर जे येतं ते त्याच्याशी जुळतं. लहान कुत्र्याचा चावा दवाखान्याच्या वहीत कमी आणि घरच्या बोटांवर जास्त नोंदलेला असतो, एवढंच.

आमच्याकडची बारकी मंडळी फॅशनप्रमाणे बदलत गेली. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यातल्या टफीमुळे घरोघर पांढरी केसाळ कुत्री आली. ती खरं तर स्पिट्झ, पण महाराष्ट्र त्यांना पामेरियनच म्हणतो, मीही म्हणते. मग २००३ नंतर मोबाइलच्या जाहिरातीतल्या त्या पगची लाट आली. आता शिह त्झूचे दिवस आहेत. हौस फिटली की काही वर्षांनी त्या लाटेचं पाणी आमच्या फाटकाशी येतं.

किल्लेदार त्या जुन्या पामेरियन घराण्यातला. ऐन आषाढात तो हायवेच्या कडेला एका मोडक्या हातगाडीखाली ठाण मांडून बसला होता. शेजारच्या चहावाल्या बाई त्याला पाव टाकत, पण गाडीखाली कोणी वाकलं की आतून दात यायचे. आमच्या पोरांनी त्याचं नाव किल्लेदार ठेवलं. या भागात त्या पदाला वजन आहे. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. तो मान चिखलाने तपकिरी झालेल्या पाच किलोच्या कुत्र्याला द्यावा का, यावर मी थोडं तोंड वाकडं केलं. मग बघितलं की तो खरोखरच गड सोडत नाहीये. नाव राहिलं.

त्याला पकडायला जाळं किंवा फास नेला नाही. फासाने कुत्रं हाती लागतं, पण त्यानंतर महिनाभर त्या फासाचंच काम निस्तरावं लागतं. प्लास्टिकचा पिंजरा नेला, वर गोणपाट टाकलं, आत उकडलेली कलेजी ठेवली आणि छत्री धरून लांब बसलो. अंधार पडताना तो आत गेला. दार ओढायची दोरी मात्र हातात तयार हवी आणि ओढणारा माणूस शांत हवा.

इथून पुढे लोकांना वाटतं की प्रेमाची गोष्ट सुरू होते. आपल्या देशात आधी रेबीजची गोष्ट सुरू होते. जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कुठलं कुत्रं, लस झाली की नाही माहीत नाही, आणि ते अंगावर येतंय. अशा वेळी त्याच्या मनाचा विचार नंतर. चावताना ज्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू असतो ते साधारण दहा दिवसांच्या आत आजारी पडतं किंवा मरतं. म्हणून दहा दिवस वेगळी खोली, एकच माणूस, हातमोजे, आणि त्या माणसाला आधीच प्रतिबंधक लस दिलेली. आमच्याकडे लस न घेतलेल्या कोणालाही कामाला घेत नाही, मग तो कितीही प्राणिप्रेमी असो.

चहाच्या टपरीवरच्या पोराच्या मनगटाला किल्लेदाराचा दात लागला होता. त्याने वर तिखट दाबलं होतं. कुठे तिखट, कुठे चुना, कुठे हळद. प्रत्येक गावाचं आपलं औषध असतं. त्याला नळाखाली हात धरून साबणाने पंधरा मिनिटं धुवायला लावलं. तिखट आधीच आग करत होतं, त्यामुळे पोराने मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते सांगायला नको. वडील दवाखान्यात यायला तयार नव्हते. ‘पोटात चौदा सुया कशाला पोराला?’ ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. भारतात ती बंद होऊन वीस वर्षं झाली. आता दंडावर घेतात, त्वचेतली लस असेल तर चार खेपा. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेभोवती सीरमही देतात. पण पोटातल्या चौदा सुयांची भीती लसीपेक्षा जास्त टिकली आहे. मी या भागात बोलते तेव्हा कुत्र्यांबद्दल कमी आणि याबद्दल जास्त बोलते.

दहा दिवस सरले. किल्लेदार ठणठणीत होता, म्हणजे ठणठणीत चिडलेला होता. मग डॉक्टरांनी त्याला भूल दिली आणि आम्ही पहिल्यांदा त्याला हात लावून पाहिला.

केसांच्या जटा इतक्या घट्ट झालेल्या की त्याने मान वळवली तरी काखेतली कातडी ओढली जात होती. जटांखाली गोचिडांचा गाव वसलेला. कानात पू. पुढच्या पायाचं आतलं नख गोल वाढून गादीत रुतलेलं. आणि तोंड उघडल्यावर डॉक्टर नुसतेच ‘अरेरे’ म्हणाले. लहान जातींचा जबडा एवढासा आणि दात मात्र संख्येने मोठ्या कुत्र्याइतकेच, त्यामुळे दाटी होते, किटण साठतं, हिरड्या सडतात. मागच्या दाढा हलत होत्या. त्या काढल्या. कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे इंग्लंडमधले डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लिहिलं होतं की वर्तनाच्या तक्रारीसाठी आणलेल्या प्राण्यांपैकी सावध अंदाजानेही एक तृतीयांश प्राण्यांना कुठे ना कुठे दुखत असतं, आणि काही ठिकाणी हे प्रमाण ऐंशी टक्क्यांपर्यंत जातं. आपल्याकडे, गोचिडांच्या आणि जटांच्या देशात, मला तो वरचा आकडा जवळचा वाटतो.

माणूस अनोळखी लहान कुत्र्याला पहिला हात कुठे लावतो, तर हनुवटीखाली. बाळाची हनुवटी धरतात तसा. किल्लेदाराची नेमकी तीच जागा ठसठसत होती. दाढा निघाल्या, औषधं झाली, आणि त्यानंतर तोंडाजवळ हात आल्यावर होणारा त्याचा भडका बराच निवळला. मला बरं वाटलं. पण तो चावायचा थांबला नव्हता. दुखणं संपलं तरी दुखेल ही धास्ती राहते, हे एक झालं. आणि आणखी काहीतरी होतं जे आम्हाला सापडत नव्हतं.

ते सापडलं मावशींना. मावशी जवळच्या ठाकरवाडीतून येतात, पिंजरे धुतात, जेवण शिजवतात. शेळ्या-कोंबड्यांत वाढलेल्या, त्यामुळे जनावराकडे टक लावून बघत नाहीत. किल्लेदाराच्या खोलीत पाठ करून, पाटावर बसून, त्या भोपळा चिरायच्या. तो हळूहळू त्यांच्या पदराशी येऊन बसायला लागला. आमच्यापैकी कोणी आत गेलं की दात.

मी विचारलं, ‘मावशी, तुम्हाला कसा येऊ देतो?’

‘ताई, तो बसलेल्या माणसाला काय करीत नाय. उभा माणूस वाकला, का करतो.’

मग मी दारातून बघत बसले. त्यांचं बरोबर होतं, आणि त्यात अजून एक बारकावा होता. नुसतं वाकल्यावर तो ताठ व्हायचा. दोन हात एकदम पुढे आले की चावायचा. एका हाताने वाटी सरकवली तर चालत होतं. दोन हातांनी तीच वाटी ठेवली तर नाही. दोन हात पुढे करून वाकणारा माणूस लहान कुत्र्याला एकच गोष्ट करतो. उचलतो.

हा सगळा खटला तिथे आहे असं माझं मत आहे, आणि किल्लेदाराच्या आधी व नंतर आलेल्या कितीतरी बारक्या कुत्र्यांनी ते पक्कं केलं. मोठ्या कुत्र्याला नको असेल तर ते जागचं हलत नाही. सोफ्यावरून उतरायचं नसेल तर ते नुसतं बसून राहतं आणि माणसाला बिस्किट आणावं लागतं, गोड बोलावं लागतं. म्हणजे त्याच्या ‘नाही’ला किंमत असते, ती त्याच्या वजनाची असते. लहान कुत्र्याला सोफ्यावरून उचलून खाली ठेवतात. जेवता जेवता उचलतात, कारण केर काढायचा असतो. पाहुणे आले की उचलून त्यांच्या मांडीवर देतात. दारात दुसरं कुत्रं दिसलं की उचलतात, झोपलेलं असलं तरी उचलतात, लाड आले म्हणून उचलतात. यात कोणी दुष्ट नसतं. उचलता येतो म्हणून उचलतात. दिवसभर त्या कुत्र्याचं अंग दुसऱ्याच्या मर्जीने हवेत जातं आणि खाली येतं.

ते कुत्रं आधी सभ्यपणेच सांगतं. तोंड फिरवतं, ओठ चाटतं, भलत्या वेळी जांभई देतं. मग अंग ताठ करतं, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसायला लागतं, मग गुरगुरतं. केंडल शेपर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी या पायऱ्यांची एक शिडी रेखाटली आहे. ती आमच्या भिंतीवर लावलेली आहे. यातल्या कुठल्याच पायरीने ते दोन हात थांबले नाहीत, आणि एके दिवशी दात लावल्याबरोबर थांबले, तर कुत्रं काय शिकेल? खालच्या पायऱ्या वापरायच्या कशाला? किल्लेदार त्या शिडीवर चढतच नव्हता, तो सरळ माडीवरून उडी मारत होता.

म्हणून शेल्टरमध्ये नियम केला की किल्लेदाराला कोणी उचलायचं नाही. सांगायला एक ओळ. करायला गेलं की कळतं, आपण सगळी घडी लहान कुत्रं उचलण्यावरच बसवलेली असते. वजन करायचं तर काट्यावर उचलून ठेवतो. त्याऐवजी जमिनीवरचा सपाट काटा आणला आणि वर त्याचं गोणपाट टाकलं. डॉक्टर जमिनीवर मांडी घालून बसायला तयार झाले, पण त्यांचे गुडघे तयार नव्हते, मग फळीचा उतार करून टेबलापर्यंत त्यालाच चालत नेलं. अंघोळ मोरीच्या ओट्यावर नाही, खाली. त्याच्या पट्ट्याला एक हलकी लांब दोरी कायम राहू दिली, जमिनीवर घासत जाणारी, म्हणजे त्याला कुठून बाजूला करायचं तर गळ्याशी हात न नेता लांबून दोरीचं टोक उचलता येईल. तोंडात काही नको ते सापडलं तर ओढून घ्यायचं नाही. त्याहून बरं काहीतरी थोडं लांब टाकायचं. वाटी रिकामी होईपर्यंत वाटीला हात नाही. आणि गुरगुरला की थांबायचं, एक पाऊल मागे.

या शेवटच्या गोष्टीवर सगळ्यात जास्त वाद होतो. ‘ताई, अशाने तो शिरजोर होईल.’ ‘त्याला कळायला नको का, मालक कोण ते?’ ही मालकीची भाषा कुठून आली हे सांगण्यासारखं आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात बंदिस्त लांडग्यांचा कळप होता. एकमेकांच्या नात्यागोत्याचे नसलेले लांडगे एका आवारात कोंडल्यावर जे होतं ते झालं, आणि त्यावर रुडॉल्फ शेंकेलने १९४७ मध्ये लिहिलं. पुढे डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ‘अल्फा’ ही कल्पना घरोघर नेली. त्याच मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे मुळात आई, बाप आणि पोरं. तिथे सिंहासनासाठी मारामाऱ्या चालत नाहीत. अभ्यासकाने मत बदललं, पण आमच्याकडच्या ट्रेनर मंडळींपर्यंत ते पत्र अजून पोहोचायचं आहे. कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरणं, मान पकडून हलवणं, हे अजून सर्रास चालतं. मेगन हेरन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मालकांना विचारून पाहिलं, तेव्हा अशा दांडगाईच्या उपायांतल्या अनेकांना किमान पाव कुत्र्यांनी उलट आक्रमक होऊन उत्तर दिलं होतं. बाकीची गप्प झाली असतील. मला त्या गप्प झालेल्यांची जास्त धास्ती वाटते. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं आणि मालक खूश होतो. पुढचा चावा आवाज न करता येतो, आणि तो बहुधा घरातल्या सगळ्यात लहान माणसाला बसतो.

किल्लेदार महिन्या-दोन महिन्यांत माणसाळला. मावशींच्या मागे फिरायचा, माझ्या चपलांवर झोपायचा. अशाच एका रविवारी खारघरहून येणाऱ्या एका मुलीला तो चावला. फार मायाळू मुलगी, आमची नेहमीची स्वयंसेवक. तिने व्हिडिओसाठी त्याला उचललं. जखम फार नव्हती, पण ती रडली ती अपमानाने: ‘माझ्यावर? मी तर त्याला रोज भरवते!’ हात धुऊन झाला, लसीचं झालं, मग संध्याकाळी आम्ही तोच व्हिडिओ सावकाश चालवून पाहिला. ती वाकते, तो तोंड फिरवतो. तिचे हात पुढे येतात, तो ओठ चाटतो. हात पोटाखाली जातात आणि तो दगडासारखा होतो. तेव्हाही ती थांबली असती तर काही झालं नसतं. आणि मला त्यात एक आनंदाची गोष्ट दिसत होती, जी तिला त्या क्षणी सांगणं बरं दिसलं नसतं: किल्लेदार पुन्हा पायऱ्या वापरायला लागला होता. आता नव्या स्वयंसेवकांना ती शिडी तीच समजावून सांगते, मनगट दाखवून.

त्याचा अर्थ आमचं काम अर्ध्यावर आलं होतं. कारण कधी ना कधी त्याला उचलावं लागणारच. आमच्या ओढ्याला पाणी चढतं तेव्हा, साप निघतो तेव्हा, अपघात झाला तर. आयुष्यभर न उचलता ठेवू असं म्हणणं हा हट्ट झाला. म्हणून दोन गोष्टी शिकवल्या. एक मुसकं. जाळीचं, ज्यात तोंड उघडता येतं, पाणी पिता येतं, धापा टाकता येतात. मळणीच्या बैलाला मुसकं घालतात ते त्याने खाऊ नये म्हणून. इथे उलटं, मुसक्याच्या तळाशी दही लावायचं आणि त्याने आपणहून तोंड घालायचं. पट्टा आवळायची घाई कोणी करायची नाही. मुसक्यातल्या कुत्र्याकडे लोक गुन्हेगारासारखं बघतात. मला उलट त्या मालकाबद्दल आदर वाटतो.

दुसरं, विचारून उचलणं. ‘उचलू?’ म्हणायचं, एक हात छातीपाशी न्यायचा आणि थांबायचं. तो बाजूला झाला तर विषय संपला, नाराज व्हायचं नाही, परत गळ घालायची नाही. उभा राहिला तर हात टेकवायचा आणि कलेजी. मग पुढचे पाय जमिनीवरून जेमतेम सुटतील एवढं, आणि खाली. पावसाळ्यात सुरू केलेलं हे काम दिवाळी उलटून गेली तरी चालूच होतं. मधेच फटाक्यांनी सगळं आठवडाभर मागे नेलं. या काळात डॉक्टरांनी त्याला फ्लुओक्सेटिनच्या गोळ्याही सुरू केल्या होत्या. हे ऐकलं की लोक दचकतात, ‘वेडाच्या गोळ्या?’ भीतीने चोवीस तास ताणलेल्या प्राण्याला शिकवलेलं डोक्यात शिरत नाही. गोळी शिकवत नाही, शिकायला जागा करून देते, आणि तिचा असर दिसायला काही आठवडे जातात. नसबंदी केली ती संख्या वाढू नये म्हणून. भीतीवर तो उपाय नाही. ‘ऑपरेशन केलं की शांत होतो’ हे पानपट्टीवर मिळणारं ज्ञान आहे.

शेवटी तो दोन माणसांना उचलू द्यायला लागला. मला आणि मावशींना. तिसऱ्याला नाही. त्यापुढे आम्ही ताणलं नाही, आणि ‘किल्लेदार बरा झाला’ असं मी आजही म्हणत नाही.

खरी कसोटी घर शोधताना. गोरापान, झुपकेदार शेपटीचा. फोटो टाकला की फोन सुरू. पाच वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाला भेट म्हणून हवा होता त्यांना पहिल्याच वाक्यात नाही म्हटलं. मग वाशीचं एक तरुण जोडपं आलं, समंजस, वाचलेलं. सगळं ऐकून घेतल्यावर मुलगी म्हणाली, ‘ताई, प्रेमाने सगळं ठीक होईल.’ त्यांनाही मी नाही म्हटलं, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. पण याला उचलणारे सगळे हात प्रेमाचेच होते ना! प्रेमाची टंचाई हा त्याचा प्रश्न कधीच नव्हता. मला थोडी कमी मायेची, जास्त सवयीची माणसं हवी होती.

ती जुन्या पनवेलात मिळाली. निवृत्त काका-काकू, मुलगा पुण्याला. काकांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी वाकायला, जड उचलायला सक्त मनाई केलेली. हे त्यांनी जरा ओशाळून सांगितलं, जणू उमेदवारीतली त्रुटी. मी मनात म्हटलं, यांना तर मी घरपोच नेऊन देईन. काकूंना दुपारी भाजी निवडताना सोबतीला कोणीतरी हवं होतं, मांडीवर नाही, जवळपास.

काकांनी एकच प्रश्न विचारला. ‘चावेल का?’

‘चावू शकतो. कधी, ते सांगते.’

ते मी लिहूनही दिलं. कोणाला चावला, कशामुळे, त्याआधी काय केलं; मुसकं कधी घालायचं, लस कधी, गोळी कशी आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय का थांबवायची नाही. काही शेल्टरं हा कागद देत नाहीत, घर जाईल म्हणून. घर गेलेलं परवडतं. कागदाशिवाय दिलेलं कुत्रं परत येतं तेव्हा त्याच्यासोबत कोणाचा तरी टाक्यांचा हात येतो, आणि पुढच्या खेपेला त्या इमारतीत कोणी शेल्टरचं कुत्रं घेत नाही.

होळीच्या आसपास किल्लेदार पनवेलला गेला. पलंगाखालची जागा त्याने पहिल्या दिवशीच ताब्यात घेतली, काकूंनी तिथे केर काढायची वेळ बदलली. सोसायटीत वॉचमनशी पटलं, इस्त्रीवाल्याशी पटलेलं नाही. शेजारच्या काकू ‘आमचा हात ओळखतो हो’ म्हणत वाकतात, तेव्हा काका काठी आडवी धरतात. कुत्र्याला नाही, शेजारणीला. त्याबद्दल थोडी कुरबुर आहे.

गणपतीत नातवंडं आली, तेव्हा मी काही सुचवायच्या आधीच काकांचा फोन आला की पाच दिवस त्याला तुमच्याकडे ठेवा, पोरं लहान आहेत, घरात आल्यागेल्यांची गर्दी, आणि प्रत्येकाच्या मागे धावून ‘वाकू नका’ सांगायला माझ्या कमरेत जोर नाही. मुसक्यासकट किल्लेदार रिक्षातून आला. मागोमाग काकूंचा फोन. श्रावण लागल्यापासून तो पनीरवर आहे, आता गौरी जाईपर्यंत घरात काही शिजणार नाही, बारीक दिसतोय, तेव्हा तुमच्याकडे आहे तोवर कलेजी भरपूर घाला. आणि हे यांना सांगू नका, यांनाही श्रावण पाळायला लावलाय.